काकडी, दोन बिस्किटं आणि मी

मी एक डबा आहे. तीन पुडांचा, स्टीलचा, दोन्ही बाजूंना कड्या असलेला. आणि आधीच सांगून टाकतो, मला एका जागी निवांत बसता येत नाही. भरलेला असलो की कुठेतरी पोचायची घाई, रिकामा असलो की कुणीतरी भरावं याची घाई. त्यामुळे बोलताना माझं झाकण थोडं खडखडेल, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या गोल चकत्या यंत्राखाली दाबल्या आणि एकेका दणक्यात माझे तीन पूड तयार झाले. मग पॉलिशच्या चाकावर मला असं घासलं, की दुकानात पहिल्यांदा माझ्यात कुणी डोकावलं तेव्हा ती बाई माझ्याऐवजी स्वतःची बटच सारखी करायला लागली. तीच माझी ताई. तिला तिशीही लागली नव्हती. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं, कड्या चार वेळा लावल्या, काढल्या, आणि दुकानदाराला म्हणाली, "सांडणार नाही ना? आमच्या ह्यांना शर्टावरचा डाग अजिबात खपत नाही."

म्हणजे मी तिच्यासाठी नव्हतोच. मी 'ह्यां'च्यासाठी होतो.

हे म्हणजे तिचा नवरा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्याचं काम. माणूस शांत, बोलणं मोजकं, हात अतिशय नेटका. बरोबर एक वाजता तो मला उघडायचा, खालचा पूड आधी, मग मधला, मग वरचा. त्या क्रमात बारा वर्षांत एकदाही बदल झाला नाही. पुढे दुकान घराखालच्या गाळ्यात आलं, तो जेवायला वर यायला लागला आणि मी मुलीकडे गेलो. मुलगी आधी शाळेत, मग कॉलेजला. तिच्याकडे माझे हालच झाले. अर्धं खाऊन परत आणायची, अर्धं मैत्रिणींना वाटून टाकायची, आणि एकदा तर मला बसमध्येच विसरली. दोन दिवस मी डेपोतल्या हरवलेल्या छत्र्यांमध्ये बसून होतो. छत्र्यांशी काय बोलणार!

ती सगळी वर्षं मला भरलं ते ताईनं. सकाळी सहाला तिचा हात माझ्यात असायचा. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मी तिला बसून जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. ती ओट्याशी उभी राहून खायची. पातेल्याच्या कडेचं, करपलेलं, तुटलेलं, आणि संध्याकाळी माझ्यात उरून आलेलं. "वाया कशाला घालवायचं," म्हणायची आणि गार झालेला घास तोंडात टाकून भांडी घासायला वळायची.

अडतिसाव्या वर्षी तिनं नोकरी धरली, तीही साधीसुधी नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, त्यावर पाय तयार ठेवायचा आणि समोरच्याला धीर द्यायचा. तिच्या गाडीला बारा वर्षांत साधा ओरखडाही आला नव्हता. शिकणारे तिला 'ब्रेकताई' म्हणायचे. हे नाव तिला मनापासून आवडायचं. घरी ती कुणाची तरी बायको होती, कुणाची तरी आई होती. ब्रेकताई मात्र ती स्वतःच होती.

मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात गेली आणि मी वरच्या फळीवर चढलो. दोन वर्षं. शेजारी एक फुटकी किटली आणि कुणी न वापरलेला केकचा साचा. एखाद्या धावणाऱ्याला खुर्चीला बांधून ठेवावं तसं मला झालं होतं.

मग एके सकाळी ताई स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. मी आनंदानं इतका खणखणलो, की ती दचकली. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती पन्नाशीची झाली होती. चेहरा तांबूस, कपाळावर घाम, आणि हवा तर चांगली गार होती. फडताळात एखादा पदार्थ शोधावा तसं ती काहीतरी मनात शोधत होती आणि ते सापडत नसल्याचा राग तिच्या हातात उतरला होता.

तिची पाळी वर्षभरापूर्वी थांबली होती. हे मला कुणी सांगितलं नाही. ती मुलीशी फोनवर बोलायची ते ऐकून कळलं. अंगातून अचानक वाफा निघतात, झोप मोडते, विसरायला होतं, कुणी काही बोललं की डोळे भरून येतात नाही तर टाळकं सरकतं. आणि खाणं तेवढंच असूनही कंबर वाढली होती. त्यात एक दिवस तिला गाडीतून जाताना पाहून नवरा दुकानाच्या दारातून हसत म्हणाला होता, "काय गं, सीटबेल्ट आखडलाय का?"

तो हसला, काचा घासायला आत गेला आणि विसरला. ताई विसरली नाही.

मला खाली काढलं त्या दिवसापासून माझ्यात काय आलं ते ऐका. खालच्या पुडात अर्धी काकडी. मधल्या पुडात दोन बिस्किटं. वरचा पूड रिकामा. मला वाटलं, ही सुरुवात असेल, बाकीचं मागून येईल. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बिस्किटं माझ्यात अशी आपटायची, की प्रत्येक खड्ड्याला मला लाज वाटायची. कधी कधी तर तीही तशीच परत यायची. बाकी दिवसभर कॉफी. सकाळी दोन कप, चौकातल्या टपरीवर दोन, शिकवणी संपल्यावर आणखी दोन. संध्याकाळी मात्र घरी आल्यावर तिचा तोल सुटायचा, चप्पल काढायच्या आधी ती फरसाणाच्या बरणीत हात घालायची आणि नंतर बरणी धुऊन पालथी घालायची, जणू काही घडलंच नाही.

गाडीत तिचा स्वभाव बदलला. एका केशकर्तनकाराला ती गिअरवरून इतकी बोलली, की तो गाडी बंद करून उतरला आणि चालत निघून गेला. त्याच्यामागे तीही उतरली, माफी मागायला. पण तोंडातून शब्द न येता रडूच आलं. भर रस्त्यात कात्री-कंगव्याचा माणूस तिला स्वतःचा रुमाल देत उभा. मी मागच्या सीटवरून बघत होतो आणि माझ्या कड्या आपोआप वाजत होत्या. ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, मला भर! पण डब्याचं ओरडणं म्हणजे फक्त खडखडाट.

याच सुमारास मावशी शिकायला आल्या. चौसष्ट वर्षांच्या. एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या. तिथे सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. कुठल्या रुग्णाला काय, किती, कधी द्यायचं, हे त्यांना तोंडपाठ. यजमान गेल्यावर दारात उभी राहिलेली गाडी विकायची नाही, चालवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ताईला त्या 'मास्तरीणबाई' म्हणायच्या आणि क्लच सोडताना जीभ बाहेर काढायच्या.

त्यांच्या सहाव्या धड्याला ते घडलं. सकाळचे साडेअकरा. ताईच्या पोटात सकाळपासून कॉफीशिवाय काही नव्हतं. गोल चौकाला वळण घेताना ताईच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. तिनं काच खाली केली. "जरा... डावीकडे..." एवढंच ती म्हणाली आणि तिचं डोकं मागे टेकलं. समोर हातात पिशव्या घेतलेला एक म्हातारा माणूस रस्ता ओलांडत होता. तिचा पाय ब्रेकवर होता, पण त्या पायात जीवच नव्हता.

ब्रेक मावशींनी दाबला. स्वतःचा, दोन्ही पायांनी, जीभ बाहेर काढून. गाडी फुटपाथच्या कडेला धडकून थांबली. म्हातारा हातभर अंतरावर उभा, पिशव्या छातीशी धरून. धक्का फार मोठा नव्हता. पण ताईनं भानावर येता येता हात पुढे टेकला होता आणि मनगटातून कट्कन आवाज आला, तो मी ऐकला.

आणि मी? मी मागच्या सीटवरून उडून दोन सीटच्या मध्ये आपटलो आणि उघडलो. माझा संसार सगळ्यांसमोर बाहेर पडला. काकडीचे तुकडे आणि दोन बिस्किटं. मावशींनी वाकून मला उचललं. रिकामा पूड पाहिला, तो पालथा करून पाहिला, मग ताईकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई, हे तुमचं दिवसभराचं जेवण?"

ताई मनगट पोटाशी धरून बसली होती. तिनं मान वळवली ती खिडकीकडे.

इस्पितळात मी गेलो नाही. जे कळलं ते घरी आल्यावरच्या बोलण्यातून. एवढ्याशा धक्क्यानं मनगट मोडायला नको होतं, असं हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तपासण्या केल्या. हाडं विरळ व्हायला लागली होती, रक्त कमी होतं, आणि चक्कर उपाशीपोटी आली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला. ते वाईट बोलले नाहीत, पण सरळ बोलले. "ताई, त्या माणसाला काही झालं असतं तर? प्लास्टर निघू दे. तुम्ही गाडीत बसायला धडधाकट आहात असं डॉक्टरांचं पत्र आणा. मग बघू." त्या 'मग बघू'नं ती पार खचली. दिवसभर एका हातानं पडदे ओढायची, पुन्हा सोडायची. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा.

चौथ्या दिवशी मावशी आल्या, पिशवीत पालेभाजी, मसूर, दही, अंडी आणि तीळ घेऊन. आल्या त्या थेट ओट्याशी. मी भांड्यांच्या रॅकवर पालथा होतो; त्यांनी मला सुलटा केला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. मास्तरीणबाईचं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. "पाळी थांबली की हाडं झपाट्यानं पातळ व्हायला लागतात, दंड-मांड्यांतली ताकदही उतरते. नेमकं त्याच वेळी तू त्यांचं खाणं तोडलंस. दर जेवणात डाळ, अंडं, मासा, दही, यातलं काहीतरी हवंच. हिरवी भाजी हवी. भात खा, पण त्याच्याबरोबर ते सगळं खा. आणि ती कॉफी दोन कपांवर आण, वाफा निम्म्या तिच्यामुळेच भडकत असतील."

"मावशी, मी आधीच फुगलेय."

"फुगली नाहीस. बदलतेयस. इस्पितळात मी शेकडो बायका पाहिल्या. निम्म्या तुझ्यासारख्याच यायच्या, मनगट नाही तर खुबा मोडून. सगळ्या घरादाराला जेवू घालून आलेल्या."

"मला भाषण नकोय!" ताई एकदम किंचाळली. डाव्या हातातला चमचा तिनं भिरकावला, तो माझ्यावर आदळला. तो पोचा आजही माझ्या पोटावर आहे. "तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून माझ्या घरात येऊन मला शिकवणार का? जा तुम्ही!"

मावशी गेल्या. पिशवी ओट्यावर तशीच राहिली. दारात नवरा उभा होता, हातात चष्म्याची फ्रेम. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो फ्रेम घेऊन तसाच खाली दुकानात उतरला आणि मला त्याचा इतका राग आला, की मी झाकण घरंगळवून खाली पाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच तो दुकान बंद करून वर आला. अॅप्रन शोधला, उलटा बांधला. अंडी उकडायला ठेवली आणि रेडिओ ऐकत उभा राहिला. पाणी आटलं, एक अंडं फट्कन फुटलं. बारीक स्क्रू बसवणारी ती नेटकी बोटं कांद्यापुढे गांगरून गेली. मसूर थोडे कच्चेच राहिले. पालेभाजी मात्र बरी झाली होती. बरोबर एक वाजता त्यानं तीन पूड भरले, कड्या लावल्या आणि मला ताईसमोर टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"डबा. एक वाजला."

"अहो, मी घरातच आहे. घरात डबा कशाला?"

"मला ताट वाढता येत नाही," तो म्हणाला. "डबा मात्र मी बारा वर्षं उघडलाय. कुठे काय असतं ते ठाऊक आहे."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला आठवतं, तुम्ही दुकानाच्या दारातून मला काय म्हणाला होतात? सीटबेल्टचं?"

त्यानं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही गं."

"सीटबेल्ट आखडलाय का, म्हणालात. गेले सात महिने मी तोच विनोद जेवतेय."

तो खुर्चीवर बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "चुकलो," तो म्हणाला. "फार चुकलो मी." आणि मग, तिला प्लास्टरमुळे जमत नव्हतं म्हणून, त्यानं माझ्या कड्या उघडल्या.

ताई जेवली. बसून. खालचा पूड, मग मधला, मग वरचा. कच्च्या मसुरांचा कचकच आवाज येत होता आणि ती रडत रडत हसत होती. "दात पाडायचा विचार आहे का तुमचा?" पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासाठी उघडलो होतो.

आता कुणाला वाटेल, त्यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. कॉफी कमी केल्यावर चार दिवस तिचं डोकं ठणकत होतं. वाफा थांबल्या नाहीत. कमी झाल्या, कधी पुन्हा वाढल्या. एका रविवारी तिनं मुलीनं पाठवलेला अख्खा केक दोन बैठकांत संपवला आणि मग मुलीला फोन करून रडली. मुलगी म्हणाली, "आई, केक खाल्लास ना? मग उद्या परत डाळ खा. एवढंच तर आहे!" डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज उन्हात चालायला सांगितलं, हात बरा झाल्यावर थोडं वजन उचलायलाही. कंबर तेवढीच राहिली. पण दुपारी चारला हातपाय गळायचे, ते थांबलं. जिना चढताना ती गुणगुणायला लागली.

एका सकाळी तिनं मावशींना फोन लावला, तीन वेळा कापला, चौथ्यांदा बोलली. "मावशी, मी त्या दिवशी फार वाईट बोलले."

पलीकडून मावशींचा आवाज मलाही ऐकू आला, एवढा मोठा होता. "ते राहू दे. मसूर भिजवलेस का?"

प्लास्टर सुटलं, पत्र मिळालं, मालकांनी आधी दोन आठवडे स्वतः मागे बसून पाहिलं आणि मग किल्ली तिच्या हातात दिली. मावशी लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, गाडी मागे घेताना. दुसऱ्यांदा पास झाल्या.

हल्ली ताई दुपारी एकला गाडी पेट्रोल पंपामागच्या कट्ट्याला लावते. शिकवणी कितीही अडली असली तरी. तिथे चौकातली वाहतूक पोलीस बाईही येते, ताईपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. टोपी काढून स्वतःला वारा घालते आणि उभ्या उभ्याच चहात पाव बुडवून खाते. परवा ती म्हणाली, "ताई, मला आजकाल काय होतंय कळत नाही. उन्हात उभी असते म्हणून म्हणावं, तर घरीही तेच. सारखी अंगाची आग, आणि चिडचिड तर विचारूच नका."

ताईनं भाषण दिलं नाही. कट्ट्यावर सरकून जागा केली. "आधी बस," म्हणाली. "शेवटची पाळी कधी आली होती?" आणि माझा मधला पूड काढून तिच्या पुढ्यात ठेवला. त्यात हरभऱ्याची उसळ होती, वर तीळ. दोघी तिथे बोलत बसल्या. एक शिकाऊ गाडीत हॉर्न वाजवून दमला.

मी आता म्हातारा झालोय. डावी कडी सैल आहे, ती रबर लावून आवळावी लागते. वरच्या पुडाला बारीक चीर गेलीय, त्यात पातळ काही टिकत नाही, म्हणून ताई त्यात फळ नाही तर बदाम ठेवते. एखाद्या खड्ड्यात मी सुटेन आणि ती नवा डबा आणेल. आणू दे. माझी तगमग वेगळीच आहे. इतक्या घरांत, इतक्या ओट्यांवर सकाळी सहाला कुणीतरी माझ्यासारखे डबे भरत असेल, आणि भरणारी तिथेच उभी राहून पातेल्याची कड खरवडत असेल. मी सगळीकडे पोचू शकत नाही. तुम्ही पोचू शकता. तुमच्या आईला, बायकोला, बहिणीला, शेजारणीला आज विचारा, काय जेवलीस? आणि ती म्हणाली, "झालं माझं काहीतरी," तर त्या 'काहीतरी'वर गप्प बसू नका. येतो मी.